वंदो आणि वांधो

आम्ही बडोदेकर मगरींना भीत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांमधून हिंडत होत्या, तेव्हा मी गच्चीतून पुण्याच्या भावाला फोनवर "चांगली आठ फूट आहे रे!" असं घरच्या म्हशीबद्दल सांगावं तसं सांगत होतो. त्याच रात्री मोरीच्या जाळीतून एक झुरळ वर आलं. गटारं तुंबली की तीही बिचारी वरच येणार. मी मात्र अंगावरच्या साबणासकट स्टुलावर चढलो.

माझा आरडाओरडा ऐकून शेजारच्या बेन जिन्यातून विचारत्या झाल्या, "शुं थयुं?"

"वंदो!" सौ. म्हणाली.

"वंदो छे? तो एमां शुं वांधो?"

गुजरातीत झुरळ म्हणजे वंदो आणि अडचण म्हणजे वांधो. फरक फारसा नाही. एक काना वाढतो आणि 'द'ला धाप लागून त्याचा 'ध' होतो. मला लागली होती तशीच.

शेवटी युनिव्हर्सिटीत झूलॉजी शिकणाऱ्या भाचीने मला हातात घेतलं. "मामा, ते तुझ्या अंगावर धावून येत नाही. त्याच्या मागच्या टोकाला दोन बारीक शेंड्या असतात, त्यांवरच्या केसांना वाऱ्याची झुळूक कळते. तू चप्पल उचललीस की तो वारा त्याला आधी लागतो, मग ते अंधाराकडे पळतं."

"माझ्या लेंग्यात अंधारच असतो," मी म्हणालो.

मग तिने आणखी धीर दिला. झुरळ श्वास घेतं अंगावरच्या छिद्रांतून, म्हणून मुंडकं उडालं तरी ते काही दिवस जगतं. धीर देण्याची ही कुठली रीत, कोण जाणे. त्या रात्री मला झोप नाही.

भीती पायरीपायरीने उतरवायची असते म्हणे. आधी चित्र, मग मेलेलं झुरळ, मग जिवंत. चित्राला तीन दिवस लागले, मेलेल्याला आठवडा. जिवंत झुरळ तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून आणलं. (ती बरणी सौ.ने पुन्हा वापरली नाही. तिचा राग अजून आहे.)

मी हातभर अंतरावर बसलो. झुरळाने पुढच्या पायाने एक मिशी खाली ओढली, तोंडात धरली आणि मुळापासून टोकापर्यंत सावकाश सरकवत स्वच्छ केली. मग दुसरी. आमचे आजोबा कचेरीत निघण्यापूर्वी अगदी अस्संच करायचे. हे मी घरात कुणाला बोललो नाही, पण खुर्ची थोडी पुढे घेतली.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो, तर ओट्यावर स्वारी हजर. मी किंचाळलो नाही. स्टीलचा पेला उचलला आणि वरून अलगद उपडा घातला. चक्क पकडलं! पण पुढे काय करायचं, हे भाचीने शिकवलं नव्हतं. पेल्यातून बारीक खरखर येऊ लागली, तेव्हा मी त्यावर खलबत्ता ठेवला आणि येऊन झोपलो.

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, पेल्यावर हा खलबत्ता कुणी ठेवलाय?"

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.