पानशेतचा पूर मध्यरात्री आला नव्हता

दर जुलैमध्ये व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मजकूर यंदा माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तो वाचून ती दोन घास जेवलीही नाही. ब्रिटिशांनी बांधलेले पानशेत धरण 1961 मध्ये मध्यरात्री फुटले, शत्रूच्या हस्तकांनी ते स्फोटाने उडवले, कोणालाही सूचना मिळाली नाही, नारायण आणि शनिवार पेठेतली माणसे झोपेतच वाहून गेली आणि पन्नास हजार मृत्यू सरकारने दडपले, असे त्यात छातीठोकपणे लिहिले आहे. आत्या त्या वेळी नारायण पेठेतल्या नदीकडच्या गल्लीत, आमच्या वाड्यात राहत होती. तिच्या देखत घडलेली गोष्ट अनोळखी माणसांनी तिलाच चुकीची सांगावी, हे मला सहन होत नाही.

सर्वांत आधी मध्यरात्रीविषयी, कारण बाकीची सगळी रचना त्यावर उभी आहे. 12 जुलै 1961 हा बुधवार होता. पानशेत सकाळी फुटले, त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासलाही टिकले नाही आणि पुण्यात पाणी चढले ते दिवसाउजेडी. आमच्या गल्लीत त्या दिवशी पुरुषमंडळी कामावर गेलेली होती. आजीने आधी गटारांतून उलटे येणारे पाणी पाहिले, मग देव आणि दागिन्यांचा डबा घेऊन मुलांना उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवले, आणि शेजारच्या बिऱ्हाडांतल्या म्हाताऱ्यांना इतरांनी उचलून नेले. हे सर्व शक्य झाले, कारण दिसत होते. तो उजेड आपोआप मिळालेला नव्हता. धरणाचा बांध खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्री पावसात वाळूची पोती रचून तो सकाळपर्यंत तगवून धरला. हाच बांध रात्री फुटला असता, तर आमच्या गल्लीतले किती जण वाचले असते, याचा विचारही करवत नाही. मध्यरात्रीची कथा रंगवणारे त्या जवानांचे संपूर्ण रात्रीचे काम एका वाक्यात पुसून टाकतात, आणि ते भयंकर वाटावे एवढ्याचसाठी पुसतात.

स्फोटाचा दावा तितकाच घातक आहे, कारण तो दोष खऱ्या जागेवरून हलवतो. पानशेत हे आंबी नदीवरचे मातीचे धरण होते, त्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले. पाणी सोडण्याच्या मार्गाच्या काँक्रीटमध्ये पोलादी सळयाच नव्हत्या. अर्धवट राहिलेल्या त्या मार्गातून पाणी जोराने वाहत राहिले, हादरे बसले, वरचा भराव खचत गेला आणि बांधावरून पाणी गेले. या दुर्घटनेची चौकशी आधी निवृत्त न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होती, त्यांच्या मृत्यूनंतर ती नाईक आयोगाकडे गेली. ज्याला शत्रूचे हस्तक हवे आहेत, त्याने आधी त्या आयोगाच्या कामाशी गाठ घालावी आणि मगच पुढे पाठवण्याचे बटण दाबावे.

धरण ब्रिटिशांचे होते, हेही खोटे. ब्रिटिशकालीन होते ते खडकवासला. पानशेतचे काम स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. मृतांचा पन्नास हजार हा आकडा कोठून आला, हे पाठवणाऱ्यांनाच ठाऊक. सर्वसाधारणपणे दिला जाणारा अंदाज हजाराच्या आसपासचा आहे, आणि तोही काही लहान नाही.

सूचनेच्या मुद्द्यात मात्र अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. आमच्या गल्लीत कोणी सरकारी माणूस वेळेवर इशारा द्यायला आला, असे घरात कोणीच सांगत नाही. बातमी आली ती सायकलवरून ओरडत जाणाऱ्यांच्या तोंडून. म्हणजे यंत्रणा कमी पडली, पण माणसे बेसावध झोपेत नव्हती.

आणि वाडे एका लाटेत वाहून गेले नाहीत. आमचा वाडा पाण्यात तास न् तास उभा राहिला, पण पांढऱ्या मातीच्या भिंती भिजून मऊ झाल्या होत्या आणि पाणी ओसरल्यावर मागची भिंत बसली. शेजारच्या दोन वाड्यांचेही तसेच झाले. त्यानंतर बिऱ्हाडे विखुरली, काही गोखलेनगरला गेली, काही लोकमान्यनगरला. खडकवासला फुटल्याने शहराचे पाणी तोडले गेले आणि पुण्याला पुन्हा जुन्या विहिरींकडे वळावे लागले. आत्याला विचारले, तर आमच्या विहिरीतला गाळ कोणी कोणी उपसला, त्यांची नावे ती आजही सांगते.