वॉटरप्रूफ बुटांत पाणी भरलं त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. फ्लोरिडातल्या बिग सायप्रसच्या दलदलीत तीन दिवस चालायला आमच्या ठाण्याच्या दुकानातून घेतलेले वॉटरप्रूफ बूट पहिल्या तासातच भरले, दुसऱ्या दिवशी टाचा सोलवटल्या, परत आल्यावर आम्ही बूट घ्यायला नकार दिला आणि माल नकली आहे, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं सोडून बाकी सगळं खरं आहे.

नकली म्हणालात ते मनाला लागलं. तुम्ही काउंटरवर टाकून गेलेला जोड त्याच रात्री नळाखाली धरून घोट्यापर्यंत भरला, खाली जुना पेपर अंथरला आणि शटर ओढून घरी गेलो. सकाळी पेपर कोरडा ठणठणीत, पाणी जिथल्या तिथे. तुमचं दुखणं नेमकं हेच होतं. जो बूट पाणी आत येऊ देत नाही, तो बाहेरही जाऊ देत नाही. आतली पातळ फिल्म घामाची वाफ तेवढी सोडते. पाऊस, ओलं गवत, येऊरचा घोट्याखालचा ओढा, इथवर हा बूट राजा आहे. पाणी गुडघ्याला लागलं की ते बुटाच्या तोंडातून आत येतं आणि मग माणूस पायाला दोन बादल्या बांधून चालतो.

तुम्ही चाललात तो ओएसिस व्हिजिटर सेंटरपासून आय-75 हायवेपर्यंतचा पट्टा सुमारे 48 किलोमीटरचा. मी तिथे गेलेलो नाही, पण या वाटेची माहिती धंद्यापायी बरीच वाचली आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा मोसम, तरी जानेवारीतही बऱ्याच ठिकाणी पाण्यातूनच जावं लागतं. आपल्या ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. तिथलं पाणी भरती-ओहोटीचं नाही, ते सपाट जमिनीवरून हळूहळू दक्षिणेकडे सरकत राहतं. तळाशी चुन्याचा बारीक, चिकट गाळ. त्याखालच्या चुनखडकात पाण्याने पाडलेले खड्डे, वर सायप्रस झाडांच्या मुळांचे गुडघ्यांसारखे खुंट, आणि गढूळ पाण्यात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तिथे काठी आधी आणि पाय नंतर.

अशा जागी गळका बूट लागतो. जाळीचा, हलका, आत फोम कमी, प्रत्येक पावलाला पिचकारीसारखं पाणी बाहेर फेकणारा. अमेरिकी सैन्याच्या जंगल बुटांना तर तळव्याच्या वर मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. नाडी घट्ट, नाहीतर गाळ बूट काढून घेतो. पातळ लोकरी मोजे, आणि रात्रीसाठी एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा, तो काही झालं तरी दिवसा घालायचा नाही. टाचेला व्हॅसलिन. भात लावायला कुणी वॉटरप्रूफ बूट घालून उतरतं का, हा प्रश्न आमच्या आजीनेसुद्धा विचारला असता.

तुमच्या रिव्ह्यूखाली एकाने गमबूट सुचवलेत. कृपा करून नको. ते भरले की पाय उचलतच नाही, आणि गाळात रुतले की पाय तेवढा वर येतो.

आता आमची चूक. तुम्ही ‘पाण्यात चालायचंय’ म्हणालात आणि आमच्या मुलाने सगळ्यात महागडा वॉटरप्रूफ जोड काढून दिला. पावसाळ्यात रोज गिऱ्हाईक हेच वाक्य बोलतं आणि त्याला पाण्यात म्हणजे पावसात म्हणायचं असतं. पण तुम्ही डिसेंबरात आलात. डिसेंबरात ठाण्यात पाण्यात चालायचंय म्हणणाऱ्या बाईंना ‘कुठे जाताय?’ एवढं विचारायला काय जात होतं? मी गल्ल्यावरच होतो. मीही विचारलं नाही. परत आलात तेव्हा तो मुलगा हसला, त्याची माफी त्याच्या आणि माझ्या दोघांच्या वतीने.

तीन दिवस पाण्यात भिजलेला जोड मी पुन्हा विकू शकत नाही, म्हणून पूर्ण पैसे देणार नाही. निम्मे देतो, कारण निम्मी चूक आमची. रोख हवे तर रोख, नाहीतर त्यात जाळीचा जोड न्या, वर फरक घेणार नाही. जुने बूट पंख्याखाली पाच दिवसांनी वाळलेत, तेही घेऊन जा, पावसात माळशेजला चालतील.

संध्याकाळी सहानंतर या, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, माप तेव्हाच घेऊ. आणि मोजे तेच आणा, जे तिथे घातले होते.