लाल तो मित्र, नारंगी तो शत्रू? लेडीबगबद्दलच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

बागकाम करणाऱ्यांमध्ये लेडीबग या ठिपकेदार भुंग्याबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘खरा लेडीबग लाल असतो, तो मित्र. नारंगी किंवा पिवळा दिसला तर तो नकली, विषारी आणि चावरा; चिरडून टाका. पाठीवरचे ठिपके मोजा, तेवढी त्याची वर्षं. पानांवर काळ्या काटेरी अळ्या दिसल्या तर ताबडतोब फवारा. लाल लेडीबगचं पाकीट आणून बागेत सोडा, आठवड्यात मावा साफ. मात्र घरात शिरले तर सावध राहा, ते भिंतीत अंडी घालतात आणि कपडे-लाकूड खातात.’

संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण यातले सल्ले पाळले तर बागेतले सर्वांत कामाचे जीव आपल्याच हातून मरतात. सर्वांत घातक सल्ला अळ्यांबद्दलचा आहे, म्हणून क्रम मोडून तिथूनच सुरुवात करायला हवी.

त्या ‘काळ्या काटेरी अळ्या’ म्हणजे बहुतेक वेळा लेडीबगचीच पिल्लं असतात. मादी मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) असलेल्या पानाच्या खालच्या बाजूला पिवळी, लांबट, उभी अंडी पुंजक्याने घालते. उबदार हवेत काही दिवसांत त्यातून अळ्या निघतात. काळपट-करडा रंग, अंगावर नारंगी किंवा पिवळे डाग, पुढे सहा पाय, मागे निमुळतं होत गेलेलं शरीर. एखादी इवलीशी सुसर पानावरून चालली आहे असं वाटावं. लाल, गोल, चकचकीत भुंग्याशी हिचा काही संबंध असेल हे पाहून कुणालाही सुचणार नाही, आणि घोटाळा इथेच होतो.

ही अळी किती खाते? उबदार हवेत तिची वाढ साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते आणि तेवढ्यात ती काहीशे मावा किडी फस्त करते. ती चार अवस्थांतून जाते. शेवटच्या अवस्थेतली भूक आधीच्या तिन्हींच्या एकत्रित भुकेपेक्षा जास्त असते. मोठा भुंगा पंख उघडून कधीही उडून जाऊ शकतो. अळीला पंखच नाहीत. जिथे जन्मली तिथेच ती पानामागून पान धुंडाळत राहते. बागेसाठी भुंग्यापेक्षा अळी मोलाची, असं माझं ठाम मत आहे. पुढे ती शेपटाकडून पानाला चिकटते आणि कोष करते. तो नारंगी-काळा गोळा रोगाच्या डागासारखा दिसतो, म्हणून कित्येक जण तेवढं पानच खुडून टाकतात. कृपा करून ते पान राहू द्या. आठवडाभरात त्यातून भुंगा बाहेर येईल.

आता याच वेळी फवारा मारला तर काय होतं ते पाहा. माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्लांना जन्म देतात आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः माता होतात. लेडीबगला अंड्यापासून भुंगा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे कीटकनाशकाने दोघांना सारखंच मारलं तरी मावा आधी परततो, आणि या वेळी त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं. दर पंधरवड्याला फवारूनही मावा हटत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं लेडीबगला मारक आहेत. कडुनिंबाच्या तेलालाही निरुपद्रवी समजू नका, कोवळ्या अळ्यांना त्याचा त्रास होतो.

पिठ्या ढेकणांच्या (झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीच्या) बाबतीत तर फसगत आणखी सोपी आहे. त्यांना खाणाऱ्या क्रिप्टोलेमस नावाच्या लेडीबगची अळी स्वतःच पांढऱ्या मेणचट धाग्यांनी झाकलेली असते, जणू थोराड पिठ्या ढेकूणच. हिचे धागे लांब असतात, आकार बराच मोठा होतो आणि चाल चपळ असते. ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. पांढरं दिसलं की कापसाचा बोळा फिरवण्याआधी मिनिटभर नुसतं बघत बसा.

अर्थात प्रत्येक अळी निर्दोष नसते. लेडीबगच्या जगभरात सुमारे 6,000 जाती आहेत आणि त्यातल्या थोड्या खरोखरच पानं खातात. वांगं, बटाटा यांच्या पानांवर येणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा भुंगा त्यातलाच. त्याची अळी पिवळसर असते, अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात आणि ती पानाचा हिरवा भाग खरवडून मागे जाळी ठेवते. भुंगा तांबूस-नारंगी, बारीक लव असलेला, म्हणून निस्तेज दिसणारा. दिसला तर हाताने वेचा, पानामागची अंडी चुरडा. ओळखीची खूण अळीच्या रंगात शोधण्यापेक्षा पानावर शोधा: जाळी पडली आहे का, की शेजारी मावा आहे? फवाऱ्याला हात घालण्याआधी एवढं पाहणं पुरतं.

यातूनच रंगाचा मुद्दा येतो. रंगावरून खरा-खोटा ठरवता येत नाही. दोन ठिपक्यांच्या लेडीबगच्या एकाच जातीत लालावर काळे ठिपके असणारे आणि काळ्यावर लाल ठिपके असणारे असे दोन्ही सापडतात. नागमोडी रेघांचा सहा ठिपक्यांचा लेडीबग बऱ्याचदा नारंगी असतो आणि माव्याचा मोठा भक्षक आहे. इलेइस या पिवळ्याधमक लेडीबगचं अन्न तर भुरीची, म्हणजे पानांवर पांढरा थर आणणाऱ्या रोगाची बुरशी आहे. त्याला पिवळा म्हणून चिरडणं म्हणजे भुरी साफ करणाऱ्यालाच मारणं.

‘विषारी’ या शब्दाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. लेडीबगला डिवचलं की तो पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. त्यात कडू अल्कलॉइड असतात, ते पक्ष्यांना आणि मुंग्यांना दूर ठेवण्यासाठी. हे लाल सातठिपकी लेडीबगही करतो. नारंगीच विषारी आणि लाल मात्र गोड, असं काही नसतं. दोघांनाही नांगी नाही.

संदेशाचा रोख बहुधा हार्मोनिया ॲक्सिरिडिस या आशियाई जातीवर आहे, आणि तिच्याविषयीची काळजी मात्र खरी आहे. ती मूळची पूर्व आशियातली. मावा खाण्यासाठी मुद्दाम उत्तर अमेरिकेत आणि युरोपात सोडली गेली आणि मग हाताबाहेर पसरली. ब्रिटनमध्ये 2004 मध्ये ती पोहोचली आणि त्यानंतर तिथले दोन ठिपक्यांचे लेडीबग झपाट्याने घटले. ती कधीकधी हलकेच चावते आणि काही लोकांना तिची ॲलर्जीही होते. पण हीच जात ठिपके नसलेल्या नारंगीपासून लाल ठिपक्यांच्या काळ्यापर्यंत अनेक रूपांत आढळते. ‘नारंगी दिसला की मारा’ या नियमाने तिची कित्येक रूपं सुटतील आणि भलतेच मरतील.

ठिपक्यांवरून वय मात्र मुळीच कळत नाही. कोषातून निघालेला भुंगा फिकट पिवळा असतो, काही तासांत रंग आणि ठिपके उमटतात, आणि मग मरेपर्यंत त्यांची संख्या बदलत नाही. सात ठिपक्यांचा भुंगा सात वर्षांचा नसतो. बहुतेक लेडीबग जेमतेम वर्षभर जगतात.

राहिलं पाकीट. अमेरिकेत विकले जाणारे बहुतांश लेडीबग कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत थंडीसाठी एकत्र जमलेल्या थव्यांतून गोळा केलेले असतात. जाग आल्यावर आधी दूर उडून जायचं, ही त्यांची उपजत ओढ. त्यामुळे सोडलेल्यांपैकी बरेचसे दोन-चार दिवसांत निघून जातात. सोबत त्यांचे रोग आणि परजीवी गांधीलमाश्याही नव्या जागी पोहोचतात.

‘पण लेडीबग सोडून बागा वाचल्याचा इतिहास आहे ना?’ आहे, आणि तो नीट वाचण्याजोगा आहे. 1888 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा एका खवले किडीने उद्ध्वस्त होत होत्या. कीटकतज्ज्ञ आल्बर्ट कोबेले यांनी त्या किडीच्या मायदेशातून, ऑस्ट्रेलियातून, रोडोलिया कार्डिनॅलिस हा लेडीबग पाठवला आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. पण तो लेडीबग मुख्यतः त्याच किडीवर जगणारा होता आणि आलेले भुंगे आधी झाकलेल्या, किडीने भरलेल्या झाडावर वाढवले गेले. मूठभर भुंगे वाऱ्यावर सोडून देण्याशी याची तुलना होत नाही.

पाकिटापेक्षा आहे त्यांना थांबायला कारण द्या. थोडा मावा राहू द्या, अन्नाशिवाय मादी अंडी घालणार नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांना फुलावर येऊ द्या, कारण परागकण आणि मकरंद भुंग्यांना लागतात. मुंग्यांची चढती रांग मात्र तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या लेडीबगला हुसकून लावतात.

शेवटी घर. थंड प्रदेशांत हिवाळ्याआधी हार्मोनियाचे थवे फटींतून घरात शिरतात, ते केवळ आसऱ्यासाठी. ते घरात अंडी घालत नाहीत, कापड खात नाहीत, लाकडाला तोंड लावत नाहीत. त्रास होतो तो पिवळ्या डागांचा आणि वासाचा, म्हणून चिरडू नका. भिंतीच्या पोकळीत औषध मारलं तर मेलेल्या भुंग्यांचा ढीग आत साचतो, आणि तो खायला येणारे गालिचा-भुंगे पुढे खरोखरच लोकरीचे कपडे कुरतडतात. त्यापेक्षा व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत पातळ मोजा रबरबँडने अडकवून भुंगे ओढून घ्या, मोज्यासकट बाहेर नेऊन सोडा, आणि पुढच्या थंडीआधी खिडक्यांच्या फटी बुजवा.