आधीच्या बोटीने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाला सगळे जमते. त्याला कर वाचवता येतो आणि गोठवलेल्या खोबऱ्याचे मोदकही वळता येतात. मात्र परक्या मुलखात दुसऱ्या परक्याचा पद्धतशीर द्वेष कसा करावा, हे त्याला कोणी रीतसर शिकवलेले नसल्यामुळे तो ते काम अगदीच हौशी पातळीवर करतो, आणि जाणकारांना ते पाहवत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळाची सहल ऑस्ट्रेलियातल्याच बॅलारॅटला गेली होती. तिथे सोन्याच्या शोधातल्या जुन्या वस्तीची प्रतिकृती उभारली आहे आणि तिच्यात चिनी खाणकामगारांचे तंबूही आहेत. त्या तंबूंसमोर, हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा धरून, आमच्यातल्या एका गृहस्थांनी मोठ्या आवाजात निर्वाळा दिला की, ‘हे लोक तेव्हापासून घुसलेले आहेत, म्हणून आज आपल्याला घरे मिळत नाहीत.’ गृहस्थांना या देशात येऊन अद्याप दहा वर्षेही झालेली नाहीत. चार-पाच जणांनी माना डोलावल्या, मग घरांच्या शनिवारच्या लिलावांचा विषय निघाला, आणि तो विषय एकदा निघाला की काय होते हे मेलबर्नकरांना सांगायला नको. ज्या मातीवर उभे राहून ते बोलत होते, त्याच मातीवर हे काम दीडशे वर्षांपूर्वी किती नेटाने आणि कायद्याच्या चौकटीत बसवून करण्यात आले होते, याची त्यांना कल्पनाही नसावी, याचे मला वाईट वाटले. म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वांत आधी, थोडेसे आधी यावे. फार आधी येऊ नये, कारण फार आधीपासून असलेल्यांची जमीन जाते. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न आणि बॅलारॅट ज्या ब्रिटिश वसाहतीत होते तिथे, 1851 साली सोने सापडले तेव्हा वसाहतीची लोकसंख्या सुमारे 77 हजार होती. दहा वर्षांत ती 5 लाख 40 हजारांच्या घरात गेली. यांतले बहुतेक इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडहून आलेले होते, काही जर्मन होते आणि काही कॅलिफोर्नियातली खाण आटल्यावर इकडे वळलेले अमेरिकन होते. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे त्या नद्यांचे पाणी प्यायले होते, त्या मूळ रहिवाशांना या गणतीत कोणी धरतही नव्हते. अशा स्थितीत 1853 किंवा 1854 साली क्वांगतुंग प्रांतातल्या खेड्यांतून, गावच्या सावकाराकडून भाड्याचे पैसे उचलून, एखादा चिनी शेतकरी येथे उतरला, तर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून दीड वर्ष आधी उतरलेल्या माणसाने त्याच्याकडे बोट दाखवून ‘परका’ म्हणावे. दीड वर्ष पुष्कळ झाले. डोंबिवलीला गाडीत चढलेला माणूस ठाण्याला दारात आडवा उभा राहतो, त्याला तेवढाही वेळ लागत नाही.

त्यानंतर तक्रार निवडावी, आणि ती अशी निवडावी की समोरच्याला कोणत्याही बाजूने सुटका राहू नये. गोऱ्या खाणकामगारांनी वरवरचे सोने काढून टाकून दिलेली माती चिनी लोक चिकाटीने पुन्हा धूत असत आणि तिच्यातून सोन्याचा चुरा मिळवत असत. हे दिसताच ‘आमचे सोने चोरले’ असे ओरडावे, मग आपण ती माती स्वतःच्या हाताने फेकलेली का असेना. माती धुवायला पाणी लागते, तेव्हा ‘पाणी गढूळ केले’ ही तक्रार हाताशी ठेवावी; आपले सोने धुण्याचे लाकडी पाळणे ज्या पाण्यात हलतात ते निवळशंख राहते, असे गृहीत धरावे. तो भातावर भागवतो म्हणून त्याला कंजूष म्हणावे आणि जुगारात पैसे घालवतो म्हणून उधळ्या म्हणावे. बायका आणल्या नाहीत म्हणून तो अनीतिमान, आणि आणल्या तर वस्ती वाढवणारा. तो मिळवलेला पैसा मायदेशी पाठवतो, हा सर्वांत मोठा गुन्हा. (या मुद्द्यावर आपल्यापैकी काहींनी जरा हळू आवाजात बोलावे, रुपयाचा भाव रोज सकाळी पाहणारे आपल्यात पुष्कळ आहेत.)

भाजी मात्र त्याच्याच मळ्यातली घ्यावी, कारण खाणींच्या त्या उजाड मुलखात ताजी भाजी दुसरे फारसे कोणी पिकवत नव्हते.

स्वतःवरचा अन्याय दूर झाला की तो फेकून देऊ नये, दुसऱ्याच्या गळ्यात घालावा. बॅलारॅटच्या खाणकामगारांना सोने मिळो वा न मिळो, महिन्याला 30 शिलिंगांचा परवाना काढावा लागे, आणि तो तपासण्याच्या निमित्ताने पोलीस त्यांना जनावरासारखे हुसकत असत. 1854 च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच युरेका या खाणीवरच्या कुंपणाआड त्यांनी बंड केले, पहाटेच्या हल्ल्यात वीसहून अधिक माणसे पडली, आणि ऑस्ट्रेलियात लोकशाहीची पहाट तिथे झाली असे शाळेत शिकवतात, ते बऱ्याच अंशी खरेही आहे. चौकशी आयोगाने तो जाचक परवाना रद्द करून वर्षाला एक पौंडाचे हक्कपत्र द्यावे अशी शिफारस केली. त्याच आयोगाने, त्याच अहवालात, चिन्यांच्या येण्याला आळा घालावा असेही सुचवले. 1855 साली कायदा झाला: उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यामागे 10 पौंड कर, आणि जहाजाच्या दर 10 टनांमागे एकच चिनी. म्हणजे पाचशे टनांचे जहाज असेल तर पन्नास माणसे. नंतर वसाहतीत राहण्याबद्दल चिन्यांना वेगळा करही बसवला. लोकशाहीच्या पहाटेला सूर्य इतक्या लवकर मावळल्याचे उदाहरण विरळाच.

कायदा केल्यावर त्यातून कमाई कोण करतो याकडे दुर्लक्ष करावे. जहाजांच्या कप्तानांनी चिनी उतारूंना व्हिक्टोरियाऐवजी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रोब या चिमुकल्या बंदरात उतरवायला सुरुवात केली, कारण तिथे अजून कर नव्हता. काही वर्षांत सुमारे सोळा हजार चिनी तिथे उतरले आणि खांद्यावर कावड घेऊन, एकामागे एक, चारशे किलोमीटरहून अधिक अंतर पायी तुडवत खाणींकडे गेले. वाट दाखवणाऱ्यांनी पैसे घेतले आणि त्यांतल्या काहींनी त्यांना अर्ध्या वाटेत सोडून दिले. 1857 साली याच वाटेने जाणाऱ्या एका चिनी टोळीला व्हिक्टोरियातल्या अरारातजवळ भरघोस सोने सापडले. तिथल्या खाणीला चीनमधल्या कँटन शहराचे नाव पडले, आणि मग जे कर लावणारे होते तेच तिथे धावत आले.

तारीख शुभ पाहावी. व्हिक्टोरियातल्याच बकलँड नदीच्या खोऱ्यात 1857 साली 4 जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा मुहूर्त साधून सुमारे दोन हजार चिन्यांना हाकलण्यात आले, त्यांचे तंबू, दुकाने आणि देऊळ जाळण्यात आले, काही जण त्या धांदलीत मेले, आणि पकडलेल्या आरोपींना ज्युरीने दंगलीच्या मोठ्या आरोपांतून निर्दोष सोडले.

ते अफू ओढतात, हे विसरू नये. ही अफू कुठून आली याची मात्र चौकशी करू नये, कारण ती चौकशी करत गेलो तर माळव्याच्या शेतांतून निघून आपण थेट मुंबईच्या बंदरात येऊन पोहोचतो, आणि ज्यांच्या नावाच्या पाट्या वाचत आपण लहानाचे मोठे झालो अशा काही दानशूर घराण्यांच्या पहिल्या कमाईपाशी येऊन थबकतो. ती अफू चीनमध्ये विकता यावी म्हणून ब्रिटनने 1839 पासून युद्ध केले आणि चीनची बंदरे तोफांनी उघडली. पुढे 1860 च्या पेकिंग करारात चिनी प्रजेला ब्रिटिश वसाहतींत जाऊन काम करण्याची मुभा असावी, असेही त्यांच्याच सम्राटाकडून लिहून घेतले. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियाशेजारच्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीने त्यांना दार बंद केले. ते कसे, ते आता सांगतो.

मिरवणूक आणि वाद्ये यांशिवाय कोणतेही सार्वजनिक कार्य शोभत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये विराजुरी या मूळ रहिवाशांच्या मुलखात, लॅम्बिंग फ्लॅट नावाच्या मेंढ्यांच्या कुरणात 1860 साली सोने सापडले आणि काही महिन्यांत तिथे हजारो माणसे गोळा झाली. चिन्यांना हाकलावे, त्यांनी परत यावे, पुन्हा हाकलावे, असे प्रयोग लगेच सुरू झाले. सरकारने सिडनीहून सैनिक पाठवले. वसाहतीचे प्रमुख मंत्री चार्ल्स काउपर स्वतः येऊन समजुतीच्या चार गोष्टी सांगून गेले. सैनिक परत गेल्यावर, 30 जून 1861 रोजी, रविवारी, दोन-तीन हजार माणसे बँडच्या तालावर निघाली. पुढे एक निशाण होते: तंबूच्या कापडावर दक्षिण क्रूस या नक्षत्राचे तारे आणि ‘रोल अप, रोल अप, नो चायनीज’ (गोळा व्हा, चिनी नकोत) अशी रंगवलेली अक्षरे. ते कापड आजही जपून ठेवलेले आहे, गावाचे नाव मात्र बदलून यंग करण्यात आले.

घोडेस्वारांनी चिन्यांच्या वस्तीला वेढा घातला, तंबू पेटवले, धान्य आणि पांघरुणे आगीत टाकली, सोने काढून घेतले, आणि मग माणसांच्या वेण्या कापल्या. ही वेणी हौसेची नव्हती. चीनमधल्या चिंग राजवटीत ती ठेवणे सक्तीचे होते. वेणी नसलेला माणूस बंडखोर ठरत असे आणि त्यासाठी शिर गमवावे लागू शकत असे, म्हणजे वेणी कापणे हे त्या माणसाची घरची वाट कापण्यासारखेच होते. एक माणूस आठ वेण्या निशाणाला बांधून मोठ्या ऐटीत परत आला, आणि दुसऱ्या एका वेणीला तळहाताएवढी डोक्याची कातडी चिकटलेली होती, असे सिडनीच्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. जूनचा शेवट म्हणजे तिथला ऐन हिवाळा. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या सुमारे बाराशे माणसांना करावाँगच्या कुरणाचे मालक जेम्स रॉबर्ट्स यांनी आसरा दिला आणि खाऊ घातले, आणि त्या साऱ्या प्रकरणात माणसासारखे वागलेले म्हणून निःसंकोच घेता येईल असे नाव तेवढेच मला आठवते. पुढे पंधरा दिवसांनी पोलिसांनी काही जणांना पकडले तेव्हा जमाव पोलीस छावणीवर चालून गेला आणि गोळीबारात एक खाणकामगार मेला. खटल्यांमध्ये ज्युरीने बहुतेकांना सोडून दिले. आणि त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने कायदा केला: प्रत्येक चिन्यामागे 10 पौंड, दर 10 टनांमागे एक माणूस. ज्यांनी आग लावली त्यांची मागणी सरकारने जशीच्या तशी मान्य केली, आणि ज्यांचे तंबू जळाले त्यांच्यावर कर बसवला! मिरवणुकीतली माणसे दरोडेखोर नव्हती. आठवडाभर राबणारी, घरी पत्रे लिहिणारी, आपल्यावरील अन्यायाबद्दल पोटतिडकीने बोलणारी माणसे होती. त्यांच्या सभांतली भाषणे वाचा. ‘आम्हाला कोणाचा द्वेष नाही, पण’ हाच त्यांचाही सूर आहे.

आता सूचना पुरे झाल्या. गृहस्थहो, लॅम्बिंग फ्लॅटचा कायदा काही वर्षांनी रद्द झाला, पण ती वृत्ती टिकली आणि 1901 साली साऱ्या ऑस्ट्रेलियाचा कायदा झाली. त्या कायद्यात चिनी असा शब्द नव्हता, भारतीय असाही नव्हता. उतरणाऱ्याला कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायचा होता, आणि भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार होता. भाषेची चाळणी लावून माणूस गाळण्याची ही युक्ती आली होती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीतून, जिथे ती 1897 साली मुख्यतः भारतीयांना रोखण्यासाठी काढली गेली होती. म्हणजे जे फाटक चिन्यांसाठी उभे राहिले असे तुम्ही खुशीत सांगता, त्याचा साचा तुमच्या-माझ्या पणजोबांच्या मापाने कापलेला होता. गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे ते धोरण पुरते संपायला 1973 साल उजाडावे लागले, आणि ते संपले म्हणून तुम्ही पुऱ्यांचा डबा घेऊन बॅलारॅटमध्ये उभे राहू शकलात. शरम वाटू द्या. ज्या माणसांनी तिथे माती धुतली, कर भरला आणि मार खाल्ला, त्यांच्या तंबूसमोर उभे राहून त्यांना घुसखोर म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? 1909 नंतर ती परीक्षा एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. तुमचे इंग्रजीच्या परीक्षेतले आठ बँड, तुमची पदवी, तुमची व्हिसासाठीची गुणतालिका अधिकाऱ्याने बाजूला सरकवली असती आणि डच भाषेतला उतारा वाचायला घेतला असता.