बेअरिंगला मायक्रॉनने जपायचं आणि काढायला हा दांडा द्यायचा?

इनलाइन स्केट्सबरोबर (एका ओळीत चाकं असतात ते) बेअरिंग काढायला म्हणून जे हत्यार देतात, ते बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने एकदा तरी चाकातून बेअरिंग काढून बघितलंय का? चपटा, आखूड दांडा, एका टोकाला ॲलन की आणि दुसऱ्या टोकाला पेराएवढी खुंटी. बघितलं असतं तर हे असलं काही खोक्यात टाकायला हात धजावला नसता. माझा तळहात आत्ता लाल झालाय, अंगठ्याच्या बुडाशी त्या दांड्याच्या कडेचा वळ उठलाय आणि चाकं अजून अर्धी बाकी आहेत.

चार चाकांच्या फ्रेमची एक जोडी म्हणजे आठ चाकं, प्रत्येकात दोन, एकूण १६ बेअरिंग. ओल्या रस्त्यावर स्केट्स फिरले की ती काढून, पुसून, तेल घालून परत बसवावीच लागतात, नाहीतर गंज धरतो. चाक झिजलं की चांगली बेअरिंग नव्या चाकात हलवावी लागतात. म्हणजे हे काम प्रत्येक स्केटरच्या नशिबी पुन्हा पुन्हा येणार. हे बनवणाऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर हत्यार देतात. मग ते चालणारं का देत नाहीत?

आता ते नेमकं कुठे फसतं ते सांगते, कारण दर वेळी कोणीतरी शहाणपणा शिकवायला येतं, ‘जोर कमी पडतोय तुझा.’ जोराचा काही संबंध नाही! स्केटचं नेहमीचं बेअरिंग ६०८ मापाचं असतं. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एकात एक अशा दोन कड्या आणि मधे फिरणारे छर्रे. ते हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या प्लास्टिकच्या भागात, घट्ट दाबून बसवलेलं असतं आणि त्याच्या मागे हबची कड असते. त्यामुळे आतल्या बाजूने बाहेरच्या कडीला हात घालायला जागाच उरत नाही. हाती लागते ती फक्त आतली कडी. दोन बेअरिंगच्या मध्ये अंतर राखणारा स्पेसर. ६ मिलिमीटरच्या बोल्टवाल्या जुन्या पद्धतीच्या स्पेसरला खांदा असतो, खुंटी त्याच्या टोकावर बसते, सरळ ढकललं की पलीकडचं बेअरिंग गुमान बाहेर येतं. पण ८ मिलिमीटरच्या ॲक्सलला (चाकातून जाणाऱ्या आसाला) स्पेसर म्हणून साधी नळी असते, तिचं भोक बेअरिंगच्या भोकाएवढंच. खुंटी टेकायची कशावर? मग ती नळी आतल्या आत एका बाजूला सरकवायची, जी जेमतेम नखाएवढी कड उघडी पडेल तिच्यात खुंटीचं टोक अडकवायचं आणि उचकटायचं.

एका बाजूने उचकटलं की बेअरिंग तिरकं होतं. तिरकं झालं की हबमध्ये आणखी अडकतं. जितका जोर लावाल तितकं जास्त अडकतं. मग खुंटी सटकते. ती सटकून थेट शील्डवर, म्हणजे बेअरिंगच्या तोंडावरच्या पातळ झाकणावर आदळते, किंवा दुसऱ्या हाताने चाक धरलेलं असतं त्या बोटांवर. शील्ड चेपलं की ते आत घासायला लागतं. आणि ती खुंटी कसल्या मऊ धातूची असते देव जाणे, दोन-चार चाकांत तिची धार गोल होते. त्यानंतर तर ती कडेला धरतच नाही, नुसती घसरते.

सगळ्यात जास्त राग मला याचा येतो की यात बेअरिंगच मरतं. आतल्या कडीला दिलेला प्रत्येक हिसका छर्‍यांमधून बाहेरच्या कडीकडे जातो. छर्रे ज्या चरीतून फिरतात त्या चरीत बारीक खड्डे पडतात. वरून काही दिसत नाही. बेअरिंग धुवा, तेल घाला, बोटावर फिरवा, खर्र खर्र आवाज येतच राहतो. मग तीच मंडळी म्हणतात, बेअरिंग जुनी झाली, नवी घ्या. जुनी नाही झाली हो! काढताना मेली, तुमच्याच हत्याराने मेली.

आणि खोक्यावर काय छापलेलं असतं? ठसठशीत अक्षरात एबेक ७, एबेक ९. हा आकडा बेअरिंगच्या मापातल्या आणि फिरण्यातल्या अचूकतेचा, म्हणजे मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब. तेल कसलं, पोलाद किती टिकाऊ, धूळ आत जाते का, यातलं तो काहीच सांगत नाही. पण ठीक आहे, अचूकतेचा अभिमान आहे ना, असू दे. मग ज्या वस्तूच्या मापाला इतकं जपलं ती बाहेर काढताना तिरकी ओढून ठोकायला का लावता? खोक्याच्या एका कप्प्यात मायक्रॉनची काळजी आणि शेजारच्या कप्प्यात हा दांडा. ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही.

दोष ताकदीत नाही याचा पुरावा त्याच चाकात आहे. पहिलं बेअरिंग एकदाचं निघालं आणि स्पेसर बाहेर पडला की दुसरं काढून बघा. मोकळ्या बाजूने आतल्या कडीवर नीट बसेल असा बोथट गोल तुकडा ठेवा, सरळ दाबा. निघालं! तोच हात, तेवढाच जोर. फरक एवढाच की दाब चहूबाजूंनी सारखा पडला आणि सरळ गेला. सगळं भांडण त्या पहिल्या बेअरिंगचं आहे आणि नेमक्या तिथेच हे हत्यार उपयोगाचं नाही.

स्केटबोर्डवाले सांगतात, ट्रकच्या (फळीखाली चाकं धरणाऱ्या भागाच्या) ॲक्सलच्या टोकावर बेअरिंग अडकव आणि चाक पिळ. त्यांचं निघतं, कारण ८ मिलिमीटरचा ॲक्सल भोकात गच्च भरतो आणि धरायला अख्खं चाक हातात असतं. ओढ तिथेही तिरकीच बसते, पण निदान काही सटकत नाही. इनलाइन फ्रेमला असं बाहेर आलेलं टोकच नाही. स्क्रू ड्रायव्हर घाल म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडते. त्याने शील्ड फाटतं, हबचं प्लास्टिक ओरखडतं, आणि एकदा हबची बैठक सैल झाली की त्या चाकात कुठलंच बेअरिंग घट्ट बसत नाही. मग चाकच गेलं.

बरं, हे न सुटणारं कोडं असतं तर मी गप्प बसले असते. आतून फुलून भोकाला चहूबाजूंनी धरणारा पुलर वर्कशॉपमध्ये असतो. त्यावर हबला टेकणारी वाटी आणि एक स्क्रू, की बेअरिंग सरळ वर येतं. स्केटच्या मापाचे असे पुलर आणि दाबयंत्रं वेगळी विकत मिळतात, म्हणजे बनवता येतात हे उघड आहे. नाहीतर हबच्या आतल्या कडेला दोन-तीन खाचा ठेवा, म्हणजे बाहेरच्या कडीला मागून धरता येईल आणि छर्‍यांवर भारच येणार नाही. साचा बनवतानाच करायचं काम आहे.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर तो दांडा खोक्यात घालूच नका. लोक त्यावर विश्वास ठेवतात. नव्याने शिकणारी पोरं त्याच्याशी झटतात, बोटं सोलून घेतात, चांगली बेअरिंग फेकून देतात आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून बसतात. त्यांना सरळ लिहून द्या की बेअरिंग काढायला पुलर लागतो, तो वेगळा घ्यावा. नुसती ॲलन की द्या, ती तरी कामाची आहे.