गिअरबॉक्स उतरवला एकदा, लेबर लावलं दोनदा

आज दुपारी गाडी सर्व्हिस सेंटरमधून घरी आणली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. चहा झाला, कपडे वाळत घातले, तरी राग उतरेना. म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात आंबा घाटात गाडी चढेना. अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, वेग काही यायचा नाही, वर तो जळका वास. क्लच प्लेट संपली होती. तेवढं मला कळतं, गॅरेजवाल्याची मुलगी आहे मी. गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, क्रँकचं मागचं ऑइल सीलपण गळतंय, बदलू का?" हे सील म्हणजे इंजिनचं ऑइल बाहेर गळू न देणारी रबरी रिंग. बदला म्हटलं. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवलाय तोवर ते करून घेण्यातच शहाणपण असतं.

आज बिल हातात पडलं. क्लचचं लेबर 3,400. ऑइल सीलचं लेबर 3,100. त्यावर 18 टक्के जीएसटी. पार्टचे पैसे सोडून नुसत्या मजुरीचे 7,670 रुपये.

तळहाताएवढी रबरी रिंग बदलायचे 3,100 कसे झाले? तर नुसतं सील बदलायला गाडी आली, की आधी गिअरबॉक्स उतरवायचा, मग क्लच काढायचा, मग फ्लायव्हील, तेव्हा कुठे ते सील दिसतं. ही सगळी खोलाखोल 3,100 मध्ये धरलेली आहे. आणि गिअरबॉक्स उतरवून परत चढवायचं तेच काम क्लचच्या 3,400 मध्येही धरलेलं आहे. मी ते दोन्हीकडे भरलं.

काउंटरवरच्या अ‍ॅडव्हायझरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, फ्लॅट रेट आहे. कामाचा कोड टाकला की सिस्टीम रक्कम काढते, आमच्या हातात काही नसतं." तेवढ्यात काम केलेला मुलगा जुने पार्ट दाखवायला घेऊन आला. प्लेटचे रिव्हेट उघडे पडलेले, सील प्लास्टिकसारखं कडक झालेलं. त्याला विचारलं, सीलला किती वेळ लागला रे? "गिअरबॉक्स खालीच होता की ताई. अर्धा तास." अ‍ॅडव्हायझरने त्याच्याकडे असं बघितलं की तो पोरगा पुढे बोललाच नाही.

मला बाबा आठवले. उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं, पत्र्याचं. मी सातवी-आठवीत असेन. मार्केट यार्डात भाजी आणणारा एक मॅटॅडोरवाला क्लचसाठी आला होता. बाबा पोत्यावर आडवे होऊन गिअरबॉक्स छातीवर घेत उतरवायचे, तसा उतरवला, आणि आत बघतात तर सील गळतंय. त्यांनी ते बदललं. संध्याकाळी त्या माणसाने रुमालाची गाठ सोडून दोन कामांचे पैसे मोजून ठेवले. बाबांनी सीलची किंमत तेवढी घेतली, बाकीचे परत सरकवले. म्हणाले, "पोट एकदाच फाडलंय, पैसं दोनदा कशाला?" त्या दिवशी आमच्या घरात पैशांची चंगळ होती असं अजिबात नाही.

आता कुणी म्हणेल, फ्लॅट रेटने गिऱ्हाईक वाचतंही. एखादा बोल्ट गंजून बसला, पोरगं नवखं निघालं, अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवस चाललं, तरी बिल तेवढंच. मान्य. हुशार कारागिराने काम लवकर संपवलं म्हणून त्याला कमी पैसे द्यावेत असंही माझं म्हणणं नाही. हात बसायला वर्षं जातात, त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. क्लचचे 3,400 मी निमूट दिले असते. पण जे काम झालंच नाही त्याचे पैसे? दुसऱ्यांदा उतरवलेला गिअरबॉक्स दाखवा मला!

आणि ते जादाचे पैसे त्या मुलाला मिळाले असते, तर खरं सांगते, मी गप्प बसले असते. मिळणार नाहीत. तो महिन्याच्या पगारावर आहे, हे त्यानेच गाडी बाहेर काढून देताना सांगितलं. नखांत काळं ऑइल, मनगटावर भाजल्याचा डाग. बाबांचे हात असेच होते, रॉकेलने धुतले तरी वास जायचा नाही. तो अर्धा तास ह्या पोराने राबून काढला आणि माझ्या बिलातल्या त्या 3,100 वर त्याचा काडीचा हक्क नाही. हे लिहिताना पुन्हा डोकं फिरतंय.

"मग बाहेरच्या गॅरेजला टाकायची" हे तर येणारच कमेंटमध्ये. बाहेरच्या गॅरेजला सुटे भाग आणि स्कॅनरसारखी साधनं मिळू नयेत अशी व्यवस्था केली, म्हणूनच 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड लावला होता. बाबांसारख्यांची गॅरेजं गिऱ्हाइकांनी हौसेने सोडली नाहीत.

आणि सिस्टीमला जमत नाही हे मला सांगू नका. अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांच्या लेबर गाइडमध्ये, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ धरायचा त्याच्या यादीत, दोन कामांत एकच खोलाखोल येत असेल, तर तो वेळ वजा करायची सोय असते. क्लच काढलेला असताना सील बदलायचं, एवढा एक वेगळा कोड टाकायला काय अडचण आहे? उतरवणं-चढवणं एकदा लावा, जोडकामाचा अर्धा तास लावा, मी हसत देईन.

मॅनेजरला लेखी दिलंय, पोचही घेतलीय. त्यात त्या मुलाचा उल्लेख मुद्दाम टाळला, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. सोमवारी या म्हणालेत. नाही ऐकलं तर 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आहे.

तुमची जुनी बिलं काढून बघा. क्लच आणि सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, अशी जोडीची कामं एकाच वेळी केली असतील तर लेबर कसं लावलंय ते तपासा आणि नाव-नंबर झाकून फोटो इथे टाका. सोमवारी जाताना सोबत नेते.