भाचा नात्यात बसत नाही

पुण्यात ज्याच्या घरातलं कुणीच परदेशात नाही असा माणूस आता जाहिरात देऊनही सापडणार नाही. त्यामुळे परदेशातून पैसे कसे येतात याचं ज्ञान इथे कट्ट्याकट्ट्यावर फुकट मिळतं. जगात बाहेरून घरी धाडलेला सर्वांत जास्त पैसा भारतात येतो, वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांचं बोलणं खरं मानलं तर त्यातला निम्मा कोथरूडलाच उतरतो. पण इथून तिकडे पैसे कसे पाठवायचे, असं विचारलं की कट्टा एकदम हवापाण्यावर बोलायला लागतो.

मला ते विचारावं लागलं भाच्यामुळे. भाचा डॉर्टमुंडला एमएस करायला गेला. ताई आणि भाऊजी साताऱ्याला. जर्मनीचा व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो तिकडच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून दाखवावे लागतात. भाऊजींनी ते एका एजंटामार्फत भरलेही. खातं मुलाच्या नावावर, पैसे मुलाचे, पण त्याच्या हातात पडणार महिन्याला 992 युरोच. आणि घरमालकीणबाईंना खोलीचं डिपॉझिट हवं होतं 1200 युरो, एकरकमी, शुक्रवारच्या आत. तिथल्या कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट घेता येतं, आणि बाईंनी कायद्याचा पुरेपूर मान राखला होता. भाडेकरूला ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्कही त्याच कायद्यात आहे. पण खोल्यांची मारामार असलेल्या गावात हक्क सांगणारा भाडेकरू हक्कासकट बाहेरच राहतो.

ताईचा फोन आला. "अरे, आमच्या बँकेत परदेशाचं काही होत नाही. तू पुण्यात आहेस, तुझ्याकडे ते ॲप आहे. तूच पाठव ना." पुण्यात राहणं ही एक शैक्षणिक पात्रता आहे अशी साताऱ्यात समजूत आहे, आणि ती मी आजवर खोडून काढलेली नाही.

ॲप उघडल्याबरोबर एक हसरं कुटुंब दिसलं. आई, बाबा, मुलगी आणि मागे कुठलातरी मनोरा. खाली लिहिलं होतं, 'जगात कुठेही, काही क्लिकमध्ये'. या 'काही'मध्ये किती मावतं हे त्या कुटुंबाला ठाऊक असावं, म्हणूनच ते हसत होतं.

आधी पैसे घेणाऱ्याची नोंदणी. जर्मनीचा आयबॅन, म्हणजे तिकडचा खातेक्रमांक, 22 अक्षरांचा असतो, पुढे डी आणि ई, मग सगळे आकडे. तो दोनदा भरायचा. कॉपी-पेस्ट बंद. दुसऱ्यांदा भरताना आकड्यांच्या जागी नुसते ठिपके उमटतात. बायको चष्मा लावून वाचत होती, मी टाइप करत होतो. "शून्य, शून्य, पाच." "किती शून्य?" "दोन म्हटलं ना." "दोन शून्य की दोन हा आकडा?" इतकं झालं आणि वेळ संपली म्हणून ॲपने आम्हाला बाहेर काढलं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे आयबॅनच्या पोटातच पडताळणीचं गणित असतं. 97 ने भागून बाकी बरोबर येत नसेल तर नंबर चुकलाय हे यंत्राला कळतं. माणसांच्या खात्यात अशी सोय असती तर बरेच विवाह वाचले असते.

मग पत्ता. भाच्याच्या रस्त्याच्या नावात एका यूच्या डोक्यावर दोन टिंबं आहेत. ॲप म्हणालं, अमान्य अक्षर. जगभरच्या बँका ज्या स्विफ्टवरून एकमेकींना निरोप धाडतात, त्याच्या निरोपात टिंबवाली अक्षरं चालत नाहीत. हे स्विफ्ट मुळात बेल्जियमचं, म्हणजे जर्मनीच्या शेजारचं, पण शेजाऱ्याचं नाव नीट न लिहिण्याची चाल आपल्याकडेच आहे असं थोडंच! भाच्याने सांगितलं, "मामा, टिंबं काढ आणि यूपुढे ई घाल. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनाच्या पाटीवर बघ, तिथे तसंच आहे." इतकी वर्षं त्या पाटीवरून मी जातोय, पण ती बँकेच्या कामासाठी लावलीय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इथवरचं सगळं किरकोळ. खरा मुक्काम पुढे होता, त्याचं नाव परपज कोड. पैसे कशासाठी चाललेत हे सांगितल्याशिवाय रुपया हलत नाही, कारण देशाचा परदेशाशी जो सगळा जमाखर्च रिझर्व्ह बँक मांडते त्यात प्रत्येक रकमेला एक रकाना लागतो. यादी उघडली. तीर्थयात्रा होती, औषधोपचार होते, जहाजाचं भाडं होतं, विम्याचे हप्ते होते. भाच्याच्या खोलीचं डिपॉझिट नव्हतं. मी सरळ 'शिक्षण' निवडलं. ॲपने फीचं पत्रक मागितलं. आता जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नसते, म्हणूनच तर अर्धं पुणे तिकडे धावतंय. नसलेल्या फीचं पत्रक अपलोड कसं करायचं, याचा व्हिडिओ मात्र ॲपमध्ये नव्हता.

म्हणून 'कुटुंबाच्या निर्वाहासाठी' हा कोड घेतला. पुढचा प्रश्न: आपलं नातं? यादी अशी होती: पती-पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सावत्रसुद्धा धरले होते. भाचा नव्हता. यादी वर सरकवली, खाली सरकवली, फोन बंद करून चालू केला. भाचा नव्हताच.

शेवटी बँक गाठली. कर्वे रोडच्या शाखेने सांगितलं, परकीय चलनाचं काम कॅम्पातल्या शाखेत. कॅम्पात गाडी लावायला जागा मिळेपर्यंत युरो नक्की चार पैशांनी वधारला असणार. काउंटरवरच्या मॅडम मराठी निघाल्या, एवढंच काय ते नशीब.

"सर, भाचा क्लोज रिलेटिव्हमध्ये येत नाही."

"अहो, सख्खा आहे. सख्ख्या बहिणीचा."

"सख्खा असला तरी."

"कोण म्हणतं असं?"

"कंपनी कायदा, 2013."

"भाच्याला खोली घेऊन द्यायची आहे. यात कंपनी कुठून आली?"

"रिझर्व्ह बँकेने व्याख्या तिथूनच घेतलीय, सर. नातू पण येत नाही त्यात. परवा एक आजोबा इथेच बसून राहिले होते, चहा पाजला शेवटी."

"आणि जावई येतो?"

"येतो."

मी क्षणभर गप्प झालो. लग्नात 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' म्हणून भटजी माइकवरून पुकारा करतात, तेव्हा कंपनी कायदा कुठे असतो? मामाने तिला आणायचं, पाठीशी उभं राहायचं, आणि अंतरपाट दूर झाला रे झाला की समोरचा तो परका मनुष्य क्लोज रिलेटिव्ह! बरं, मी ताईला पाठवू शकतो, ताई मुलाला पाठवू शकते. बहीण जवळची, तिला मुलगा जवळचा. दोन जवळच्या पावलांची बेरीज मात्र लांबची येते.

घरी येऊन प्राप्तिकराचं वाचलं तर तिथे आणखीनच मौज. मामाने भाच्याला भेट दिली तर भाच्याला कर नाही, कारण आईचा भाऊ हा त्या कायद्यात नातेवाईक. पण भाच्याने मामाला वर्षात 50,000 रुपयांच्या वर काही दिलं तर मामाला कर, कारण बहिणीचा मुलगा नातेवाईक नव्हे. म्हणजे मी त्याचा आहे, तो माझा नाही. ताईला हे ऐकवलं तर ती म्हणाली, "हे कळायला तुला कायदा वाचावा लागला?" भाच्याकडून आजवर काय काय आलं हे आठवून पाहता ही तरतूद सरकारने निव्वळ हौसेखातर केली असावी.

एव्हाना सोसायटीत बातमी पसरली होती. लिफ्टमध्ये एकांनी सांगितलं, "वीस टक्के कापतात हं." ते आगाऊ कर म्हणून कापतात, पण वर्षाला दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर, आधी मर्यादा सात लाख होती, एप्रिल 2025 पासून दहा झाली. शिवाय कापलेलं पुढे रिटर्न भरताना वळतं होतं. पण लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि माझं स्पष्टीकरण आतच राहिलं. शेजारचे काका म्हणाले, "आमच्या वेळी आठ डॉलर खिशात घालून माणसं अमेरिकेला जायची." काकांची पिढी त्या आठ डॉलरवर अजून व्याज खाते आहे. आता कायद्याने माणशी, वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. 2004 मध्ये ही मुभा देणारी योजना आली तेव्हा 25,000 होते. माझ्या खात्यातली शिल्लक पाहता रिझर्व्ह बँकेने माझ्यावर टाकलेला हा विश्वास हृद्य आहे.

वाट मॅडमनीच दाखवली होती. "सर, गिफ्ट म्हणून पाठवा ना. कोड एस 1302. गिफ्ट कोणालाही देता येतं." म्हणजे भाच्याचा निर्वाह मला करता येत नाही, पण त्याला, किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला, भेट देता येते. मात्र तसं लिहून द्यायचं, ही भेट आहे, मोबदल्यात काही घेतलेलं नाही आणि घेणार नाही. आता असं सहीनिशी लिहून दिल्यावर भाऊजींकडून पैसे परत कोणत्या तोंडाने घ्यायचे? मी ताईला कळवून टाकलं की हे माझ्याकडून. ताई लगेच, म्हणजे फारच लगेच, बरं म्हणाली.

घोषणापत्र बायकोने वाचलं. "बाराशे युरोंची भेट. त्याच्या मुंजीत काय दिलं होतं आपण?"

"घड्याळ."

"आणि माझ्या दादाचा मुलगा मेलबर्नला गेला तेव्हा?"

"त्याला आपण स्टेशनवर सोडलं होतं."

यावर ती काही बोलली नाही. अशा वेळी तिने बोललेलं परवडतं.

पुढचं भराभर झालं. गूगलवर युरोचा एक दर, बँकेचा दुसरा. फॉर्मवर पॅनमधलं नाव हवं, तिथे वडिलांचं नाव पूर्ण. बँकेत नुसतं आद्याक्षर. आधारवर आडनाव आधी. तिन्ही माणसं मीच आहे हे एका वेगळ्या अर्जावर कबूल केलं. बँकेचं शुल्क, त्यावर जीएसटी, शिवाय रुपयाचा युरो करण्याच्या सेवेची एक मानीव किंमत धरून तिच्यावर 18 टक्के जीएसटी. ओटीपी आला. पैसे निघाले.

डॉर्टमुंडला पोचले 1182.

स्विफ्टवरून पैसे जात नाहीत, निरोप जातो. दोन बँकांची एकमेकींत खाती नसली की मधल्या बँकेतून व्यवहार होतो आणि ती खेड-शिवापूरच्या टोलनाक्यासारखी वाटेत बसलेली असते. शुल्क कुणी भरायचं याला पाठवणारा, घेणारा की दोघं मिळून असे तीन पर्याय असतात. माझ्या ॲपने 'दोघं मिळून' हा आधीच निवडून ठेवला होता, राखाडी रंगात, बदलता न येणारा. मालकीणबाई म्हणाल्या, बाराशे म्हणजे बाराशे. अठरा युरो पाठवायचे तर पाठवणावळ अठरा युरोंहून जास्त. भाचा म्हणाला, "मामा, राहू दे, तेवढे मी घालतो." कायद्याच्या दृष्टीने एका परक्या मुलाने दाखवलेल्या या मोठेपणाने मला गहिवरून आलं.

रात्री जेवणं झाल्यावर बायको तिचा फोन घेऊन बसली. ॲप तेच, ते हसरं कुटुंबही तेच.

"कोड काय होता हो तुमचा? तेरा शून्य दोन ना?"

"कशाला?"

"आणि ती अडीच लाख डॉलरची मर्यादा माणशी आहे की कुटुंबाला?"

"माणशी."

"मग हरकत नाही. आपलं जॉइंट खातं आहे. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, तेवढा वाचून दाखवा."